घरातली यंत्रं (९) : गॅस गेला कुठे?

मागच्या लेखात कॉम्प्रेसर, आतबाहेरच्या दोन कॉइल आणि त्यांतून फिरणारा गॅस इथवर आलो होतो. ते लक्षात असेल तर आजचा पहिला मुद्दा पटायला वेळ लागणार नाही. एसीतला गॅस खर्च होत नाही. घरातली उष्णता उचलायची, बाहेर टाकायची आणि परत आत यायचं, हे काम तोच गॅस बंद नळ्यांत वर्षानुवर्षं करत राहतो. तेव्हा ‘गॅस कमी झालाय, भरून टाकू’ हे दर मार्चमध्ये ऐकायला लागत असेल, तर गळती आहे आणि ती कुणी शोधलेली नाही.

शोधायची रीत सोपी आहे. नळ्यांत दाबाने नायट्रोजन भरायचा, जोडांवर साबणाचं पाणी लावायचं, बुडबुडे कुठे येतात ते पाहायचं आणि गेजचा काटा खाली सरकत नाही ना, यावर थोडा वेळ नजर ठेवायची. उन्हाळ्याच्या घाईत मेकॅनिकला हा वेळ परवडत नाही, म्हणून आपणच आग्रह धरायचा. बरेचदा दोष नळी यंत्राला जोडणाऱ्या फ्लेअर नटपाशी निघतो. जोड नव्याने केला, पंपाने नळ्यांतली हवा ओढून व्हॅक्युम केला आणि यंत्राच्या प्लेटवर लिहिलेल्या वजनाइतका गॅस भरला की झालं. असा एसी बारा वर्षांचा असला तरी मोडीत काढण्याचं काही कारण नाही.

कॉइलच गळत असेल तर मात्र गोष्ट वेगळी. समुद्रकाठी खारा वारा आउटडोरच्या ॲल्युमिनियमच्या पात्या खातो. खाडीच्या, उघड्या नाल्याच्या शेजारी हायड्रोजन सल्फाइड तांबं काळं करतो. आतल्या कॉइलचा शत्रू घरातच असतो. प्लायवूड, गोंद, सफाईची काही रसायनं यांतून सुटणाऱ्या आम्लांच्या वाफा ओलाव्याबरोबर तांब्यात मुंग्यांच्या वारुळासारखी बारीक भुयारं पाडतात. छिद्र डोळ्यांना दिसत नाही, आणि एक बुजवलं की काही महिन्यांत दुसरं उघडतं. अशा कॉइलला डाग देत बसण्यापेक्षा नव्या कॉइलचा भाव विचारावा. तो, गॅस आणि मजुरी मिळून आकडा नव्या एसीच्या निम्म्याच्या आसपास गेला, तर मी तरी जुन्यावर पैसे घालणार नाही. ‘कॉम्प्रेसरवर दहा वर्षं’ ही वॉरंटी कॉम्प्रेसरपुरती असते. कॉइल, गॅस, मजुरी तीत येतात का, ते कार्डाच्या बारीक अक्षरांत वाचायला लागतं.

जुन्या यंत्राची आणखी एक अडचण गॅसच्या नावातच आहे. पंधराएक वर्षांपूर्वीच्या एसीच्या आउटडोरवरची प्लेट पाहिली तर बहुधा आर-२२ लिहिलेलं सापडेल. हा ओझोनचा थर विरळ करणाऱ्या गॅसांपैकी एक. १९८७ च्या मॉन्ट्रियल कराराने अशा गॅसांना उतरती कळा लावली, आणि २०२५ पासून भारतात नव्या एसीत तो वापरता येत नाही. दुरुस्तीसाठी अजून मिळतो, पण त्याचा कोटा टप्प्याटप्प्याने आटत जाणार आहे. म्हणून ‘दुसरा चालतो की’ असं सुचवलं जातं. चालत नाही. आर-४१० ए चा दाब आर-२२ च्या सुमारे दीडपट असतो आणि त्याला लागणारं तेलही वेगळं. आर-२९० म्हणजे शुद्ध प्रोपेन, स्वयंपाकाच्या गॅसचा सख्खा भाऊ. त्याच्यासाठीच बनवलेल्या एसीत तो मोजक्या प्रमाणात सुरक्षित असतो, पण आर-२२ च्या यंत्रात तो भरू देऊ नये.

आता पैशांचं गणित, कारण दुकानात सगळा भर विजेच्या बचतीवर असतो. दीड टन म्हणजे साधारण सव्वापाच किलोवॅट दराने उष्णता बाहेर टाकण्याची ताकद. २०१० च्या सुमाराच्या तीन तारे असलेल्या एसीचा ईईआर, म्हणजे खर्चलेल्या विजेच्या किती पट उष्णता बाहेर जाते तो आकडा, २.७ च्या आसपास; म्हणजे कॉम्प्रेसर चालू असताना तासाला जवळजवळ दोन युनिट. आजच्या पाच तारेवाल्याचा आयएसईईआर, म्हणजे तोच आकडा पण पूर्ण हंगामाच्या सरासरीने काढलेला, पाच किंवा त्याहून जास्त. मोजमाप अगदी सारखं नाही, पण ढोबळ हिशेबात वीज निम्म्यावर येते. पुण्यात उन्हाळ्याचे तीन महिने, रात्री आठ तास एसी लागतो असं धरा. कॉम्प्रेसर त्यातला निम्मा वेळ चालला तर वर्षाला सुमारे सातशे युनिट जळतात, वाचतात सव्वातीनशे. दहा रुपये युनिट धरलं तर सव्वातीन हजार. चाळीस हजारांचं यंत्र या बचतीतून फिटायला बारा वर्षं लागतील! तोच एसी मुंबईच्या दमट हवेत वर्षातल्या दोनशे रात्री, दहा-दहा तास लागत असेल, तर बचत नऊ हजारांच्या आसपास जाते आणि चार-पाच वर्षांत पैसे वसूल होतात. म्हणजे वीजबिलासाठी एसी बदलायचा की नाही, हे त्याच्या वयावर कमी आणि वापराच्या तासांवर जास्त अवलंबून आहे. तारे मोजताना लेबलवरचं वर्षही पाहा. २०१८ मध्ये पाच ताऱ्यांना ४.५ पुरत होते, जुलै २०२२ पासून ५ लागू लागले.

हे सगळं ठरवण्याआधी जाळ्या धुवा, आउटडोरची कॉइल स्वच्छ करून घ्या आणि युटिलिटी बाल्कनीत त्याच्यापुढे वाळत घातलेल्या चादरी काढा. ‘कॉम्प्रेसर गेला’ असं निदान ऐकलंत तर कपॅसिटर तपासला का, हे विचारा. तो काहीशे रुपयांत येतो.

बदलायचंच ठरलं तर नळीही नवी घ्या. जुन्या नळीत जुनं तेल चिकटलेलं असतं. गॅसचा झोत सोडून नळीतली हवा बाहेर काढणारा मेकॅनिक दिसला तर त्याला थांबवा, पंप लावून व्हॅक्युम करायला सांगा. भिंतीवरचा गंजलेला अँगल स्टँड नव्या यंत्राखाली पुन्हा वापरू नका. जुना एसी उतरवताना ‘पंप डाऊन’ करायला लावा. एक व्हॉल्व्ह बंद करून यंत्र थोडा वेळ चालवलं की गॅस आउटडोरमध्ये गोळा होतो, मग दुसरा व्हॉल्व्ह बंद करायचा. हे न करता नळी कापली तर किलोभर आर-२२ हवेत जातो, आणि तापमानवाढीच्या हिशेबात तो पावणेदोन टनांहून अधिक कार्बन डायऑक्साइडच्या बरोबरीचा आहे. भंगारवाला पुढे तेच करणार, म्हणून यंत्र अधिकृत ई-कचरा केंद्राकडे द्या आणि पावती मागा.

पुढच्या आठवड्यात : खोलीला एक टन पुरतो की दीड लागतो, ते कसं ठरवायचं.