जाळीआड आणि जाळीवांचून

प्राणिसंग्रहालयांत छायाचित्र घेणाराची पहिली तक्रार जाळीविषयीं असते. नवेगाव बांध येथें 1975 सालीं राष्ट्रीय उद्यान झालें. कोहळी समाजाच्या कोलू पाटलांनीं बांधला म्हणून सांगतात त्या जुन्या तलावाकांठीं पुढें प्रवाशांकरितां हरिणोद्यान व पक्षिगृहहि करण्यांत आलें होतें. अशा जागीं चितळ समोर उभें असतें, त्याचे ठिपके मोजावेत इतकें जवळ. परंतु चित्रांत त्याच्या मुखावर तारांचे चौकोन येतात.

वास्तविक ही तार नाहींशी करणें फारसें कठीण नाहीं. भिंग जाळीच्या अगदीं जवळ न्यावें, त्याचें छिद्र पूर्ण उघडावें व जनावर जाळीपासून दूर जाईपर्यंत थांबावें. समजा, उघड्या छिद्राचा व्यास 50 मिलिमीटर व तार 2 मिलिमीटर जाड आहे. भिंगाला जवळजवळ टेकलेली अशी एक तार प्रकाशाचा अवघा विसावा हिस्सा अडविते. उरलेला प्रकाश तिच्या दोन्ही बाजूंनीं आंत येऊन चितळाची आकृति पुरी करतो. तेंच छिद्र आवळून 12 मिलिमीटरांवर आणलें, कीं तीच तार पांचवा हिस्सा अडविते आणि चित्रांत काळसर पट्टा उमटतो. तारेवर ऊन असल्यास मात्र छिद्र कितीहि उघडें असो, चित्रावर पांढुरकें सावट येतें. तेव्हां टोपीची सावली तारेवर धरावी. हा उपाय महागड्या भिंगाइतकाच गुणकारी आहे.

याच जिल्ह्यांत असाहि एक पक्षी आहे, कीं ज्याच्यापुढें जाळी नाहीं आणि तीच मोठी अडचण आहे. माणसाएवढा उंच, राखी अंगाचा, तांबड्या मानेचा सारस महाराष्ट्रांत आज मुख्यतः गोंदिया व लगतच्या भागांतच उरला आहे. पावसाळ्यांत धानाच्या बांधींत किंवा तलावाच्या उथळ पाण्यांत गवताचा ढीग रचून मादी बहुधा दोन अंडीं घालते; नर व मादी आळीपाळीनें सुमारें महिनाभर तीं उबवितात. चांगलें चित्र मिळावें म्हणून कोणी पुढें सरकला, कीं बसलेला पक्षी मान ताठ करतो, मग उठतो, मग घरट्यापासून दूर चालूं लागतो. छायाचित्रकाराला वाटतें, पक्षी ऐटींत उभा राहिला! तेवढा वेळ अंडीं उघडीं पडतात, आणि कावळ्याला तेवढा वेळ पुष्कळ होतो. हरिणोद्यानांत जें अंतर जाळी राखी, तें येथें, पक्ष्यानें मान वर करतांच जागच्या जागीं थांबून, माणसानें स्वतः राखावयाचें असतें. बांधीच्या धन्याला आधीं विचारावें. घरटें कोठें आहे व कोठून पाहिलें असतां पक्षी बिचकत नाहीं, हें त्याला ठाऊक असतें.

वाघाच्या बाबतींत एफ्. डब्ल्यू. चॅम्पियन या वनाधिकाऱ्यांनीं निराळीच तोड काढली. त्यांचें पुस्तक 1927 सालीं निघालें. ते रानवाटेवर बारीक तार ताणून ठेवीत. वाघाचा पाय तिला लागला कीं दिवा लखकन् पेटे व चित्र निघे. 2013 सालीं घोषित झालेल्या नवेगाव-नागझिरा व्याघ्रप्रकल्पासारख्या जंगलांत आज व्याघ्रगणनेसाठीं झाडांना कॅमेरे बांधतात. त्यांना तार लागत नाहीं. जनावराची ऊब व हालचाल पुरते. वाटेच्या दोन्ही अंगांस समोरासमोर एकेक कॅमेरा ठेवावा लागतो, कारण वाघाच्या डाव्या व उजव्या कुशीवरचे पट्टे सारखे नसतात. अशा चित्रांत वाघाचें तोंड कधीं अर्धेंच येतें. मोजणाराला तेंहि चालतें.