मांजरेच्या खोऱ्यातील ट्रम्पेट

साखर कारखान्यांचा पट्टा पडला, म्हणजे दिवाळीच्या सुमारास पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात पांगलेल्या ऊसतोडीच्या टोळ्या बीड जिल्ह्याच्या वाटेला लागतात; मुकादमाकडून घेतलेली उचल फिटली की नाही याचा हिशेब अजून मिटलेला नसतो, तोच घरोघरी लग्नाच्या याद्या होऊ लागतात, आणि ज्या गावांत सहा महिने म्हाताऱ्याकोताऱ्यांखेरीज फारसे कोणी दिसत नव्हते, ती गावे चैत्र-वैशाखाच्या रणरणत्या उन्हात माणसांनी भरून जातात. केज तालुक्यातील युसूफ वडगाव हे मांजरेच्या खोऱ्यातले असेच एक गाव. या दिवसांत या मुलखात जे संगीत कानी पडते, त्याला ना तिकीट असते ना निमंत्रणपत्रिका. नवरदेवाचा परण्या मारुतीच्या दर्शनाला निघतो, त्याच्यापुढे बँड चालतो, आणि ज्याचे लग्नघराशी काडीचेही नाते नाही असा वाटसरूदेखील क्षणभर थांबून ट्रम्पेटची ती लांबवर जाणारी तान ऐकतो.

या ट्रम्पेटच्या वंशावळीचा शोध घ्यावा, असे माझ्या मनात पुष्कळ दिवस होते. जाझ या संगीतप्रकाराविषयी आपल्याकडे जे थोडेबहुत लिहिले गेले आहे, ते बहुधा मुंबईच्या हॉटेलांतील नृत्यगृहांपाशी सुरू होते आणि तेथेच संपते. त्यामुळे हे संगीत म्हणजे धनिकांच्या रात्रींचे एक आभूषण होते, महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांशी त्याचा काही संबंध नाही, असा समज रूढ झाला. उपलब्ध पुराव्याकडे मन लावून पाहिले असता हा समज टिकत नाही, असे माझे मत आहे.

जाझचा जन्म अमेरिकेच्या दक्षिणेकडील न्यू ऑर्लिन्स या बंदराच्या शहरात, विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर झाला, आणि त्याच्या पाळण्याशी जी वाद्ये होती ती लष्करी बाजाची होती. गुलामगिरीतून मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांनी कॉर्नेट, ट्रॉम्बोन, क्लॅरिनेट आणि नगारे हाती घेऊन स्वतःची पथके उभारली. ही पथके सणासुदीला रस्त्यातून मिरवत, आणि कोणी निवर्तले तर स्मशानाकडे जाताना संथ, विलंबित स्तोत्रे व परतताना नाचरी गीते वाजवीत, ज्यांच्यामागून सारा मोहल्ला नाचत चाले. लुई आर्मस्ट्राँग हा या संगीताचा महापुरुष १९०१ साली त्याच शहराच्या दरिद्री वस्तीत जन्मला, आणि कॉर्नेटचे रीतसर शिक्षण त्याला मिळाले ते मुलांच्या एका सुधारगृहाच्या बँडमध्ये. म्हणजे मूळचे जाझ हे रस्त्यातले, मिरवणुकीतले आणि समाजाच्या शेवटच्या पायरीवरच्या माणसांनी घडविलेले संगीत होते. ही गोष्ट ध्यानात ठेवली, म्हणजे आमच्या परण्यापुढचा बँड त्याला परका वाटण्याचे कारण उरत नाही.

आमच्याकडेही पितळी बाजा आला तो पलटणींबरोबर. बीड जिल्हा त्या काळी मोगलाईत, म्हणजे निजामाच्या अंमलाखाली होता. आजचे अंबाजोगाई तेव्हा मोमिनाबाद म्हणून दप्तरी नोंदले जाई आणि तेथे हैदराबाद कंटिन्जंटच्या घोडदळाची छावणी होती. छावणीच्या आश्रयाने वाढलेला हा बाजा हिंदुस्थानात सर्वत्र हळूहळू संस्थानिकांच्या स्वारीत आणि तेथून लग्नाच्या वरातीत शिरला. मेरठच्या जली कोठी या मोहल्ल्यात नादिर अली या लष्करी बँडमास्तरांच्या नावाने १८८५ पासून चालत आलेली पेढी आजही वाद्ये घडविते, आणि देशभरच्या वरातींतील कर्णे, युफोनियम व नगारे पुष्कळअंशी त्याच मोहल्ल्यातून येतात. ग्रेगरी बूथ या संगीत-अभ्यासकाने आपल्या बँडवाल्यांवर एक संपूर्ण ग्रंथ लिहून तो २००५ साली प्रसिद्ध केला. परदेशी विद्वानाने घेतली तशी दखल आपल्या विद्यापीठांनी अद्याप पुरतेपणी घेतलेली नाही, याची खंत वाटते.

आता मुंबईकडे वळू. लिऑन ॲबी या व्हायोलिनवादकाच्या नेतृत्वाखाली कृष्णवर्णीय अमेरिकन वादकांचा एक ताफा १९३५ साली ताजमहाल हॉटेलात दाखल झाला. त्याच्यामागून क्रिकेट स्मिथ हा कॉर्नेटवादक आला, टेडी वेदरफोर्ड हा पियानोवादक आला. स्वदेशी ज्यांना कित्येक हॉटेलांच्या पुढल्या दाराने आत पाऊल टाकता येत नव्हते, त्यांना येथे मानाची जागा मिळाली. वेदरफोर्डला तर हा देश सोडवलाच नाही. १९४५ साली कलकत्त्यात पटकीने त्याचा अंत झाला. या पाहुण्यांच्या शेजारी बसून त्यांची विद्या ज्यांनी आत्मसात केली, ते गोमंतकीय वादक होत. पोर्तुगीज अमदानीत गोव्याच्या चर्चला जोडलेल्या शाळांतून मुलांना स्वरलिपी वाचण्याचे आणि व्हायोलिन वाजविण्याचे शिक्षण मिळे. गावात उद्योग नसल्यामुळे ही मुले मुंबईस येत, धोबीतलाव परिसरातील आपापल्या गावाच्या कुडांत, म्हणजे सामायिक बिऱ्हाडांत, उतरत, आणि हॉटेलांत, मूकपटांच्या साथीला व पुढे ध्वनिमुद्रणगृहांत काम धरीत.

त्यांच्यापैकी फ्रँक फर्नांड या ट्रम्पेटवादकाची हकीकत मला विशेष महत्त्वाची वाटते. उन्हाळ्यात थंड हवेच्या ठिकाणी हॉटेलांचा हंगाम असे आणि वादकांचे ताफे तिकडे जात. अशाच एका हंगामात, १९४६ साली, मसुरीस त्यांना महात्मा गांधींचे दर्शन घडले, आणि तेव्हापासून आपल्या वाद्यातून आपल्या मातीचे संगीत कसे उमटेल याचा ध्यास त्यांनी घेतला. पुढे त्यांनी हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात आयुष्य वेचले आणि १९६३ साली 'आमचें नशीब' हा कोंकणी चित्रपट निर्माण केला.

दुसरे नाव आंतोनियो झेवियर वाझ यांचे. गोव्यातील हळदोणे गावी १९१६ साली जन्मलेले हे ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट या नावाने विख्यात झाले, आणि लोक त्यांना हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत. १९४९ साली मुंबई इलाख्यात दारूबंदीचा कायदा झाला, नृत्यगृहांची रया गेली, वादकांची बिदागी आटली; तेव्हा चित्रपटसृष्टीने त्यांना हात दिला. आणि येथेच या कथेत पुणतांब्याचा एक मराठी माणूस येतो.

रामचंद्र नरहर चितळकर, म्हणजेच सी. रामचंद्र, यांचा जन्म १९१८ सालचा. पुणतांबे हे गोदाकाठचे तीर्थक्षेत्र आमच्या बीडच्या शेजारच्या अहिल्यानगर (पूर्वीच्या नगर) जिल्ह्यात येते. पुण्याच्या गंधर्व महाविद्यालयात विनायकबुवा पटवर्धनांपाशी त्यांनी शास्त्रोक्त गायनाचे धडे घेतले होते. पण कान असा उदार, की ख्यालाची तालीम घेतलेल्या त्याच कानाला सॅक्सोफोनचा खर्जही गोड लागला. १९४७ च्या 'शहनाई'पासून त्यांनी जाझचे ठेके आणि वाद्ये हिंदी गाण्यात निःसंकोचपणे आणली. चिक चॉकलेट त्यांचे सहायक झाले. संगीतकाराने पेटीवर चाल बांधावी, गोमंतकीय सहायकाने ती स्वरलिपीत उतरवून घ्यावी, कोणत्या ओळीमागे कोणते वाद्य बोलेल हे ठरवावे, आणि दोन कडव्यांच्या मधली मोकळी जागा ट्रम्पेटच्या व क्लॅरिनेटच्या संवादाने भरून काढावी, अशी त्या काळची कामाची रीत होती. श्रेयनामावलीत या वाद्यवृंद-रचनाकारांची नावे क्वचितच झळकली. सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस यांच्यासारख्या थोर रचनाकारांचे ऋण जनतेला कळले ते फार उशिरा.

१९५१ साली 'अलबेला' आला. दिग्दर्शक व नायक भगवान पालव, म्हणजे लालबाग-परळच्या गिरणगावाचे लाडके भगवानदादा, संगीत सी. रामचंद्रांचे, आणि एका गीतात खुद्द चिक चॉकलेट आपल्या वादकांसह पडद्यावर अवतरलेले. मला हा क्षण महाराष्ट्राच्या सांगीतिक इतिहासात मोठा वाटतो. ताजमहालाच्या दिवाणखान्यात ज्या संगीताने प्रवेश मिळविला होता, ते आता गिरणीकामगारांच्या खिशाला परवडणाऱ्या तिकिटावर दिसू लागले. पुढे जत्रेतल्या टुरिंग टॉकीजच्या तंबूत, जमिनीवर मांडी घालून बसलेल्या शेतकऱ्यांसमोर, असेच चित्रपट पोहोचले. बीड जिल्हा तोवर मोगलाईतून मुक्त झाला होता; १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला.

तंबूतून हे संगीत गावच्या बँडमध्ये कसे गेले, ते पाहणे मनोरंजक आहे. बँडमास्तराला बहुधा स्वरलिपी येत नाही. तो गाणे कानाने उचलतो, क्लॅरिनेटवर बसवतो, आणि एकेका वादकाला त्याचा तुकडा तोंडाने गाऊन शिकवतो. गायिकेची ओळ क्लॅरिनेट वाजवितो, तिला उत्तर द्यावयाचे काम ट्रम्पेटचे. आणि ते उत्तर म्हणजे मूळ गाण्यात कोणा गोमंतकीय ट्रम्पेटवादकाने, न्यू ऑर्लिन्सची ढब मनात ठेवून, रचलेला मधला तुकडा असतो. म्हणजे मिरवणुकीत जन्मलेली ती ढब, हॉटेल, ध्वनिमुद्रणगृह आणि पडदा असा प्रवास करून, पुन्हा मिरवणुकीतल्याच ट्रम्पेटवर येऊन विसावली. बँडमधले खुळखुळेदेखील पाहावेत: रुंबा नृत्याच्या साथीला जे वाद्य वाजते त्याचेच हे भावंड, आणि ते परण्याच्या गर्दीत हलगीच्या तालाशी सहज जुळून जाते. या जुळण्याचे श्रेय हलगी ज्यांच्या हाडात भिनलेली आहे त्या मातंग वादकांना आणि बँडचा पेशा पिढ्यान्‌पिढ्या सांभाळणाऱ्या मुसलमान घराण्यांना दिले पाहिजे. मांडवाच्या बाहेर उभे राहणारे आणि सर्वांच्या मागून जेवणारे हे कलावंत आहेत. त्यांना सुपारी मिळते, इसार मिळतो; कलावंत म्हणून मान मात्र मिळत नाही.

मुंबईच्या जाझप्रेमींनीही हे संगीत जनतेपर्यंत नेण्याचा प्रयत्न केला, आणि तो आदराने नमूद केला पाहिजे. निरंजन झवेरी यांच्यासारख्या तरुण रसिकांनी १९५२ साली 'ब्लू ऱ्हिदम' हे केवळ जाझला वाहिलेले नियतकालिक काढले. अमेरिकन जाझ-पियानोवादक डेव्ह ब्रूबेक १९५८ साली मुंबईस आले आणि सतारवादक अब्दुल हलीम जाफर खाँसाहेबांबरोबर बसून वाजवून गेले. १९६३ साली अमेरिकन जाझ-रचनाकार ड्यूक एलिंग्टन आले. अखेर १९७८ साली झवेरी यांच्या 'जाझ इंडिया' या मंडळाने धोबीतलावानजीकच्या रंगभवनात 'जाझ यात्रा' भरविली, जिच्या पहिल्याच पर्वात सॉनी रोलिन्स हे सॅक्सोफोनचे महारथी वाजविण्यास आले होते. पुढच्या वर्षांत ब्राझ गोन्साल्विस, लुई बँक्स यांच्यासारख्या आपल्याकडील वादकांना जगातील नामवंतांच्या शेजारी उभे राहण्याची संधी या यात्रेने दिली. रंगभवन हे सरकारी मालकीचे, उघड्या आभाळाखालचे नाट्यगृह होते. बंदिस्त दिवाणखान्यातून जाझला मोकळ्या हवेत आणण्याचे मोठे काम त्या जागेने केले. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रुग्णालये, शाळा व न्यायालये यांच्याभोवतीचे शंभर मीटर शांतताक्षेत्र ठरविले, आणि या सर्वांच्या शेजारात असलेले रंगभवन थोड्याच काळात संगीताला मुकले. रुग्णांच्या विश्रांतीचा हक्क मी कमी लेखत नाही. पण त्या जागेच्या बदली दुसरी तशी जागा सरकारने संगीताला दिली नाही, हे दुःख बोलून दाखविलेच पाहिजे.

त्याच नियमांनी रात्री दहाची मर्यादा खेड्यांतही आली, आणि तिच्या जोडीला डीजे आला. डीजेच्या भिंतीपुढे पितळी बाजाचा निभाव लागत नाही. बँडमास्तरांची मुले हातातील कर्णे ठेवून ट्रॅक्टर चालवू लागली किंवा स्वतःच ऊसतोडीस गेली. एका पिढीच्या आत ही विद्या लोपेल, अशी मला खरीखुरी भीती वाटते.

संयुक्त राष्ट्रांच्या युनेस्को या संस्थेने २०११ साली ३० एप्रिल हा आंतरराष्ट्रीय जाझदिन म्हणून जाहीर केला. लग्नसराई ऐन भरात असते त्याच दिवसांत ही तारीख येते. मुंबई-गोव्याच्या जाझ मंडळांनी या सुमारास आपले दोन-तीन वादक मराठवाड्यात धाडावेत, अशी माझी सूचना आहे. युसूफ वडगावसारख्या गावी मारुतीच्या पारासमोर संध्याकाळी सहापासून दहाच्या आत कार्यक्रम व्हावा. ग्रामपंचायतीची आणि पोलीस ठाण्याची रीतसर परवानगी असावी. ध्वनिवर्धक नको, कारण पितळी वाद्याला विजेची गरज नाही. पाहुण्यांनी प्रथम परिसरातील बँडमास्तरांना वाजवू द्यावे आणि स्वतः बसून ऐकावे; मग दोघांनी मिळून 'अलबेला'च्या काळातले एखादे गीत घ्यावे, ज्याच्या मधल्या जागेत प्रत्येकाने आपल्या मनाप्रमाणे वाजवावे, कारण ऐनवेळी सुचेल ते ताल न सोडता वाजविणे हा जाझचा प्राण आहे आणि परण्यापुढे चालणाऱ्या वादकाला त्याची रोजची सवय आहे. बिदागी दोघांना सारखी मिळावी, आणि पत्रिकेवर दोघांची नावे एकाच टायपात असावीत.

याच्या आधी करावयाचे एक काम मात्र तातडीचे आहे. मराठवाड्यातील ज्या वृद्ध बँडमास्तरांनी पन्नास-साठच्या दशकांतली गाणी कानाने बसविली, त्यांच्यापैकी जे हयात आहेत त्यांचे वादन आणि त्यांच्या तोंडची हकीकत ध्वनिमुद्रित करून छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठात किंवा अंबाजोगाईच्या एखाद्या महाविद्यालयात जतन झाली पाहिजे: कोणाकडून शिकले, कर्णा कोठून आणला, सुपारी किती होती, कोणते गाणे कोणत्या तंबूत ऐकले, आणि मधला तुकडा ते कसा वाजवीत. चांगले ध्वनिमुद्रण-यंत्र, एक जीप आणि दोन कष्टाळू विद्यार्थी एवढ्या सरंजामावर एका उन्हाळ्यात केज, धारूर, अंबाजोगाई आणि कळंब हे चार तालुके पुरे करता येतील.