अंगावर काटा का येतो?



गेल्या मे महिन्यात संध्याकाळी मी आणि नातू भनपुरीतल्या आमच्या गच्चीवर उभे होतो. कारखान्यांच्या धुराड्यांमागे आभाळ काळवंडलं आणि वीज लखलखली. नातू म्हणाला, "आजोबा, अंगावर काटा आला!" मला माझं लहानपण आठवलं. आजी ओसरीवरून ओरडत असायची आणि मी अंगणात गारा वेचत असायचो.

हा काटा, म्हणजे रोमांच, येतो कसा? केसाच्या मुळाशी एक इवलासा स्नायू असतो. थंडीने, भीतीने किंवा आनंदाने तो आखडतो आणि केस उभा राहतो. घाबरलेलं मांजर अंग फुलवतं, तेही असंच.

आता वीज. ढगात बर्फाचे कण एकमेकांवर आदळून विद्युतभार साठतो. वीज पडते तेव्हा तिच्या वाटेतली हवा क्षणात सुमारे 30,000 अंश सेल्सिअस तापते आणि झटक्यात फुगते. तोच गडगडाट. उजेड लगेच दिसतो, आवाज मात्र सेकंदाला साधारण 340 मीटर चालत येतो. म्हणून लखलखाटापासून गडगडाटापर्यंतचे सेकंद मोजा आणि तीनने भागा. तेवढे किलोमीटर वीज दूर. सैन्यात शत्रूच्या तोफेचं अंतरही असंच काढत.

नातवाने मोजले, "बारा!" म्हणजे चार किलोमीटर. मी त्याचा हात धरून खाली निघालो. तो हिरमुसला. त्याला समजावलं, की आकडा तिसाच्या आत आला की पक्क्या घरात जायचं आणि शेवटच्या गडगडाटानंतर 30 मिनिटं बाहेर पडायचं नाही.

आणखी एक गोष्ट सांगितली. वादळात उघड्यावर अंगावरचे केस उभे राहिले, तर तो आनंदाचा रोमांच नसू शकतो. ढगातल्या भारामुळे आपल्या अंगातही भार ओढला जातो, केस ताठ होतात. वीज तिथेच पडण्याची ती खूण असू शकते. झाडाखाली न थांबता तडक घर किंवा बंद गाडी गाठायची. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं 'दामिनी' ॲप जवळपासच्या विजांची सूचना देतं. शेतात जाणाऱ्यांनी ते जरूर घ्यावं.

पुढचा तासभर आम्ही बंद खिडकीच्या काचेतून विजा पाहिल्या. मोजणी चालूच होती: नऊ, सात, चार. प्रत्येक कडकडाटाला नातू माझा हात दाबायचा. काटा त्याच्या अंगावर होता, तसा माझ्याही.

आजी का ओरडायची, ते मला उशिरा कळलं. तुम्ही मुलांना नुसतं ओरडू नका, मोजायला शिकवा.