बिडाच्या भांड्याची कुळकथा

दिवाळीनंतरच्या आठवड्यात दातिवऱ्याची एक सून आपल्या तीन वर्षांच्या मुलाला घेऊन माझ्या पालघरच्या दवाखान्यात आली. मुलाचे हिमोग्लोबिन ९.४ होते. लोहाचे औषध दोन महिने नियमित देऊनही ते फारसे हलले नव्हते. तपासणी आटोपल्यावर तिने कापडी पिशवीतून एक जड, काळेशार भांडे काढून माझ्या टेबलावर ठेवले आणि विचारले, "डॉक्टर, हे कोणत्या कंपनीचं असेल?"

घराच्या माळ्यावर तिला बिडाची दोन भांडी सापडली होती. एक सात वाट्यांचे आप्पेपात्र होते आणि दुसरे हे खोलगट, जाड बुडाचे भांडे. त्याच्या झाकणाला वर वळलेली कड होती, म्हणजे झाकणावर निखारे ठेवून खालून-वरून आच देता येईल, धोंडस किंवा केक भाजता येईल अशी सोय. बिडातल्या अन्नातून लोह मिळते, हे तिने वाचले होते. गंज खरवडून, तेल मुरवून, गणपतीपासून ती त्यात मुलासाठी दह्यात भिजवलेल्या रव्याचा केक आठवड्यातून दोनदा करीत होती. भांड्यावर नाव नव्हते, साल नव्हते. चांगल्या कारखान्याचे असेल तर काळजी नाही, असा तिचा सरळ हिशेब होता.

योगायोगाने या विषयात मला थोडी गती आहे. माझी धाकटी बहीण गेली पंचवीस वर्षे अमेरिकेत असते आणि जुनी बिडाची भांडी जमवण्याचा तिला नाद आहे. तिच्याकडे राहायला गेले की निम्मा वेळ भांड्यांची बुडे पाहण्यात जातो. बिनानावाच्या भांड्याचा कर्ता ओळखायचा, तर त्याचे तोंड पाहायचे नसते, ते पालथे घालायचे असते, हा तिचा पहिला धडा.

बीड म्हणजे ओतीव लोखंड. त्यात कार्बनचे प्रमाण दोन ते चार टक्के असते, म्हणून ते वितळून साच्यात सहज ओतता येते, पण ठिसूळही असते. लोहाराने ठोकून केलेला तवा पडला तर वाकतो, बिडाचा तवा पडला तर तडकतो. रस वाळूच्या साच्यात ज्या तोंडातून ओतला, त्याची खूण भांड्यावर राहते. एकोणिसाव्या शतकातील कित्येक पाश्चात्त्य भांड्यांच्या बुडावर मधोमध एक लांबट, तुटलेल्या कडेसारखी रेघ असते. ती त्या ओतमुखाची. पुढे ओतण्याची रीत बदलली आणि ती रेघ गेली. त्यामुळे अशी रेघ दिसली की भांडे साधारणपणे १९०० पूर्वीचे असावे, असे संग्राहक धरतात. आपल्याकडे हा दाखला जपून वापरावा लागतो, कारण लहान ओतशाळांत हाताने वाळू भरून साचे करण्याची पद्धत अजून मोडलेली नाही.

मग कान पाहायचे, मूठ पाहायची, मुठीचे भोक गोल आहे की थेंबासारखे ते पाहायचे. बुडाखाली चुलीच्या तोंडावर बसण्यासाठी उंच कडे आहे का, ते अखंड आहे की मध्ये खाचा आहेत, हे तपासायचे. टेनेसीतील लॉज या १८९६ साली सुरू झालेल्या कारखान्याच्या बिनानावाच्या जुन्या तव्यांच्या कड्याला तीन खाचा असतात, आणि एवढ्यावर ते ओळखले जातात. पेनसिल्व्हेनियातील ग्रिसवोल्ड आणि ओहायोतील वॅगनर यांची भांडी साच्याच्या क्रमांकावरून ओळखता येतात. भांड्यावर नुसता ८ हा आकडा असला तर तो इंचांचा समजू नये. चुलीच्या कोणत्या तोंडावर ते बसते, त्याचा तो क्रमांक असतो. वाटीवाटीच्या लोखंडी भांड्याचे एकस्व बोस्टनच्या नथॅनिअल वॉटरमन यांनी १८५९ साली घेतले होते. त्यानंतर तसली भांडी इतक्या ठिकाणी निघाली की बिनानावाची वाटीभांडी ओळखणे हा संग्राहकांचा कायमचा वादविषय झाला आहे. डेन्मार्कच्या गोल गोड घाऱ्यांसाठी ग्रिसवोल्डने काढलेले पात्र तर आपल्या आप्पेपात्राचे सख्खे भावंड वाटते.

यातली सगळ्यात सुरेख खूण नकलेची. जुने भांडेच साचा म्हणून वाळूत दाबून नवे ओतले, तर नवे थोडे लहान निघते, कारण बीड थंड होताना सुमारे एक टक्का आकसते. शिवाय त्याची अक्षरे बोथट होतात, पृष्ठभाग खरखरीत येतो. दोन भांडी शेजारी ठेवून पट्टीने मोजली की अस्सल कोणते आणि नक्कल कोणती ते कळते.

महाराष्ट्रात जड बीड दिसले की किर्लोस्करांचे नाव चटकन तोंडी येते. १९१० साली वसलेल्या किर्लोस्करवाडीने लोखंडी नांगर घराघरांत पोहोचवला, तेव्हा ते स्वाभाविकच आहे. पण नांगरावर नाव घालणारा कारखाना वेगळा आणि बाजारात तवे-कढया पुरवणारी गल्लीतली ओतशाळा वेगळी. असल्या ओतशाळेला नाव कोरण्याची गरज वाटत नसे, कारण गिऱ्हाईक वजनावर घेत असे. त्यामुळे आपल्या घरांतील बहुतेक बिडाच्या भांड्यांचा कर्ता कधीच सापडणार नाही, असे माझे मत झाले आहे.

तरीही मी ते भांडे पालथे केले. बुडावर ती रेघ होती, पुसट पण निश्चित. हे गावठी ओतकाम वाटत नव्हते. मी विचारले, "हे घरात आलं कुठून?" तिला माहीत नव्हते. तिने सासूबाईंना फोन लावला आणि आवाज मोठा केला. आजी म्हणाल्या, "मुंबईच्या भंगारातून आणलं होतं ह्यांनी. अगं, पण तू ते कशाला काढलंस? तुझे सासरे त्यात शिसं वितळवायचे. पागाला गोळ्या नकोत का?"

दातिवरे वैतरणेच्या मुखाशी, अर्नाळ्याच्या समोरच्या तीरावर आहे. तेथे पाग म्हणजे काय हे सांगावे लागत नाही, पण आतल्या भागातील वाचकांसाठी सांगते: हाताने फेकायचे गोल जाळे. ते झटकन तळाला जावे म्हणून त्याच्या घेराला शिशाच्या गोळ्या ओवतात. शिसे ३२७ अंश सेल्सिअसला वितळते आणि बिडाला वितळायला ११५० अंशांच्या पुढे जावे लागते. म्हणून साध्या चुलीवर, बिडाच्या भांड्यात, घरच्या घरी शिसे पातळ करता येते. यात त्या आजोबांचे काही चुकले असे मला वाटत नाही. त्यांनी ते भांडे स्वयंपाकातून काढून त्या कामाला लावले आणि माळ्यावर टाकले. जगभरच्या किनाऱ्यांवर हेच होत आले आहे, आणि म्हणूनच पाश्चात्त्य संग्राहकही जुने भांडे हाती आले की त्यात कोणी शिसे तर वितळवले नसेल ना, ही शंका आधी काढतात. होड्यांसाठी राळ किंवा डांबर तापवलेली भांडीही किनाऱ्यावरच्या घरांत असतात.

बीड स्वतः शिसे बाळगत नाही. शिसे लोखंडात जवळजवळ विरघळतच नाही, त्यामुळे ओतशाळेतून आलेल्या बिडात ते सहसा नसते. मात्र बिडाच्या पृष्ठभागावरील सूक्ष्म खळग्यांत आणि तेल जळून झालेल्या जुन्या थरात शिशाचे कण अडकून बसतात, आणि दह्यासारख्या आंबट पदार्थात ते उतरू शकतात. कधी कोपऱ्यात करडा, नखाने ओरखडा उठणारा थेंब दिसतो. या भांड्यात तसे काहीच दिसत नव्हते.

मुलाच्या शिरेतून रक्त घेऊन नमुना मुंबईला पाठवला. बोटाला टोचून घेतलेल्या थेंबात हातावरची धूळ मिसळून आकडा फुगू शकतो, म्हणून शीर. शिशाचे प्रमाण डेसीलिटरमागे ८.१ मायक्रोग्रॅम निघाले. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१च्या मार्गदर्शनानुसार ५ किंवा त्याहून अधिक आकडा आला तर शिशाचा स्रोत शोधून तो थांबवावा. अमेरिकेत मुलांसाठी ३.५ हा इशाऱ्याचा आकडा धरतात. शिशाची सुरक्षित अशी पातळी ठाऊकच नाही. रक्तातून शिसे बाहेर काढणारी औषधे मुलांना साधारणपणे ४५च्या पुढे देतात, तेव्हा इथे औषधाचा प्रश्न नव्हता. स्रोत बंद करणे हाच उपचार होता.

पालकांना हे नीट समजावे म्हणून थोडे सविस्तर लिहिते. पोटात गेलेल्या शिशाचा जो अंश प्रौढ माणूस शोषतो, त्याच्या कितीतरी पट लहान मूल शोषते, जवळजवळ निम्मा. शरीरात लोह कमी असेल तर हे शोषण आणखी वाढते, कारण आतड्यातून आत शिरण्याची वाट दोघांची बरीचशी एकच आहे. आत गेल्यावर शिसे हिमोग्लोबिन तयार करणारी विकरे अडवते. म्हणजे रक्त वाढावे म्हणून निवडलेले भांडे अशक्तपणाच भरत होते. या मुलाचे लोह मुळातच कमी होते आणि सगळा दोष ८.१ या आकड्यावर टाकता येणार नाही. पण शिशाचा खरा घाव मेंदूवर बसतो. एकाग्रता, शिकणे, स्वभावातील चिडचिड यांवर तो हळूहळू उमटतो, आणि त्या वेळी त्याचा संबंध माळ्यावरच्या भांड्याशी कोणी जोडत नाही. पोटदुखी, बद्धकोष्ठ ही लक्षणे फार पुढची.

आता उलट बाजू सांगितली नाही तर अन्याय होईल. बिडाच्या भांड्यांवर माझा राग नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) देशातील सहा महिने ते पाच वर्षे वयाची ६७.१ टक्के मुले आणि १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. इथिओपियात लोखंडी आणि अॅल्युमिनियमच्या भांड्यांत शिजवणाऱ्या कुटुंबांची तुलना केलेला अभ्यास १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये आला, त्यात लोखंडी भांड्यांच्या घरातील मुलांचे हिमोग्लोबिन अधिक सुधारले होते. कोकम-चिंचेचे कालवण बिडात काळपट होते, ते उतरलेल्या लोहामुळेच. ते औषधाची जागा घेत नाही, आणि थॅलेसेमियाच्या किंवा वारंवार रक्त चढवावे लागणाऱ्या रुग्णाच्या घरी हे जास्तीचे लोह डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. एवढे पाळले तर बिडाचा तवा घरात अवश्य असावा.

फक्त जुने भांडे वापरात काढण्यापूर्वी आधी लोहचुंबक लावा. चिकटले नाही तर ते बीड नव्हे, ओतीव अॅल्युमिनियम आहे. भंगारातून ओतलेल्या अॅल्युमिनियमच्या भांड्यांतून शिसे उतरते, हे कॅमेरूनमधील भांड्यांच्या २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या तपासणीत दिसले होते. चिकटले तर घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला विचारा की हे शेवटी कोणी, कशासाठी वापरले. सांगणारे कोणी उरले नसेल आणि घर किनाऱ्यावरचे असेल, तर एक्स-किरणांनी धातू ओळखणाऱ्या यंत्राखाली भांडे तपासून घ्या. धातूंची तपासणी करणाऱ्या प्रयोगशाळांत असे यंत्र असते. सराफाचे यंत्र सोन्यासाठी बसवलेले असते, त्यावर विसंबू नका. बाजारातील रंग बदलणाऱ्या काड्यांवरही नको, त्या चुकीचा दिलासा देतात. शिशाचा संशय असलेले भांडे घासून, उकळून किंवा व्हिनेगर लावून शुद्ध झाले असे धरू नये. ते चुलीत लाल करून 'जाळून काढणे' तर सर्वांत वाईट, कारण त्या धुरात घरातले सगळेच श्वास घेतात.

आजींच्या माहेरचे आप्पेपात्र बोईसरला यंत्राखाली ठेवले. त्यात शिसे आढळले नाही. "त्याला ह्यांनी कधी हात लावला नाही, माझ्या आईचं होतं ते," असे आजींनी आधीच सांगितले होते.

माघात मी दातिवऱ्याला गेले तेव्हा मुलाचा आकडा ४.९ वर आला होता आणि हिमोग्लोबिन १०.६ झाले होते. आजी पडवीत आप्पे करीत बसल्या होत्या. ते खोलगट भांडे होड्यांच्या सामानाच्या खोलीत खुंटीजवळ पालथे ठेवले होते आणि त्याच्या बुडावर, त्या जुन्या रेघेच्या शेजारी, मुलाच्या वडिलांनी पांढऱ्या रंगाने 'शिसे' असे लिहिले होते. मी त्याची चार छायाचित्रे काढून बहिणीला पाठवली. तिने कारखान्यांची तीन नावे सुचवली, आणि दुसऱ्या दिवशी तिन्ही स्वतःच खोडली.