उचंत खात्यातली गाठ

बँकेच्या जमाखर्चात 'उचंत' नावाचे एक खाते असते. ज्या रकमेचे मूळ अथवा योग्य स्थान त्या दिवशी उमगत नाही, ती तात्पुरती तेथे ठेवावयाची असते. व्यापारी घराण्यांतील वाचकांना हे खाते नव्याने समजावून सांगावयास नको. नोकरीच्या काळात शाखातपासणीस गेलो की मी प्रथम तेच मागवीत असे. नोंद किती रुपयांची आहे, यापेक्षा ती किती दिवसांची आहे, हे मी आधी पाही. अशा माणसाच्या स्वतःच्या घरात एक नोंद साडेतीन महिने उचंत पडून राहिली आणि त्याला तिचा पत्ताही नव्हता. ती हकीकत सौ.च्या संमतीने येथे लिहीत आहे.

प्रारंभ माझ्याच गाठीपासून करावा लागेल. तीन वर्षांपूर्वी माझ्या उजव्या दंडावर सुपारीएवढी मऊ गाठ आली. ती घरातल्या सर्वांनी दाबून पाहिली. धाकट्या भावाच्या दुकानी गेलो तर तेथे मुनीमजींनीही पाहिली. सर्जनकडे गेलो, त्यांनी सोनोग्राफी लिहून दिली, दहा मिनिटांत अहवाल हाती आला: 'लायपोमा', म्हणजे चरबीची निरुपद्रवी गाठ. त्या आनंदात येताना अर्धा किलो पेढे आणले. माझी गाठ अशी कुटुंबाच्या चर्चेचा विषय होऊन गेली.

त्याच वर्षी पर्युषणाच्या पहिल्या दिवशी स्नान करताना सौ.च्या हाताला डाव्या स्तनात एक टणक गाठ लागली. तिने ती कोणालाही सांगितली नाही. आधी तिची अठाई होती, मग पारणे. पुढे नवरात्र आणि दिवाळीचा हंगाम. दुकानात तेव्हा कोणालाच श्वास घ्यायला सवड नसते. त्यानंतर मार्गशीर्षात पुतण्याचे लग्न. लग्नाचे पाहुणे पांगल्यानंतर एका रात्री ती म्हणाली, "अहो, एक सांगायचं होतं. रागावू नका."

मी रागावलो. ती शांतपणे म्हणाली, "तुमच्या दंडावरची गाठ तुम्ही दुकानभर दाखवलीत. मी माझी कोणाला आणि कोणत्या शब्दांत सांगायची होती?"

यावर माझ्यापाशी उत्तर नव्हते. आपल्या घरांतून 'छातीत दुखते' असे म्हणता येते, कारण ते हृदयाचे असते. त्या दुसऱ्या अवयवाचे नाव मात्र सुनेने सासूसमोरही घेऊ नये, असा अलिखित दंडक आहे. शिवाय तिने स्वतःची एक समजूतही घातली होती: दुखत नाही ना, मग काळजीचे नसावे. ही समजूत किती सार्वत्रिक आहे, हे पुढे कळले. खरे तर स्तनातील कर्करोगाची गाठ बहुधा न दुखणारीच असते. दुखले नाही म्हणून निश्चिंत होणे म्हणजे तगादा आला नाही म्हणून कर्ज फिटले, असे मानण्यासारखे आहे.

दुसऱ्या दिवशी सर्जनकडे गेलो. त्यांनी हाताने तपासून मॅमोग्राफी आणि सोनोग्राफी दोन्ही करण्यास सांगितले. चाळिशीनंतरच्या स्त्रीला सहसा दोन्ही करावयास सांगतात; कमी वयात स्तनाच्या ऊती दाट असल्याने आधी सोनोग्राफीच अधिक उपयोगी पडते. सौ.ची अट एकच होती, तपासणारी स्त्री असावी. जिल्ह्याच्या गावी तशा डॉक्टर मिळाल्या. वेळ ठरवतानाच हे विचारता येते, आणि तपासणारे पुरुष डॉक्टर असले तर सोबत स्त्री परिचारिका मागता येते. यात संकोचाचे कारण नाही.

'येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही' ही 1994 च्या कायद्यानंतरची पाटी केंद्राच्या दारावर होती. आपल्या समाजात सोनोग्राफी म्हटले की गरोदरपण एवढेच चटकन मनात येते. वस्तुतः या यंत्राचा जन्म गाठींच्याच शोधात झाला. स्कॉटलंडमधील ग्लासगोचे स्त्रीरोगतज्ज्ञ इयान डोनाल्ड यांनी 1955 मध्ये बॉयलर बनविणाऱ्या एका कारखान्यात जाऊन, धातूतील अदृश्य भेगा शोधणाऱ्या ध्वनियंत्राने शरीरातून काढलेल्या गाठी तपासून पाहिल्या. 1958 च्या जूनमध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात त्यांचा जो प्रसिद्ध निबंध आला, त्याचा विषय पोटातील गाठी हाच होता. जठराचा असाध्य कर्करोग झाला आहे, असे निदान झालेल्या एका बाईंच्या पोटात त्यांच्या यंत्राला द्रवाने भरलेली प्रचंड गाठ दिसली. ती शस्त्रक्रियेने काढली आणि बाई बऱ्या झाल्या. बॉयलरमधील भेग शोधण्याच्या विद्येने एका स्त्रीला मृत्यूच्या खात्यातून परत आणले, ही गोष्ट मला आजही विलक्षण वाटते.

मला आत बसू दिले. डॉक्टरांनी गार जेल लावले. यंत्राचा हस्तक आणि त्वचा यांच्यामध्ये हवा राहिली तर ध्वनी आत शिरत नाही, म्हणून ते लावतात. हे ध्वनी आपल्या कानांना ऐकू येत नाहीत आणि यात क्ष-किरणही नसतात. पडद्यावर राखाडी रंगाच्या लाटा हलत होत्या. मध्येच एक गडद ठिपका थांबला. डॉक्टरांनी त्याच्या दोन्ही टोकांना बारीक खुणा केल्या आणि खाली आकडा उमटला: सतरा मिलिमीटर. साडेतीन महिने जी 'काहीतरी' होती, तिला त्या क्षणी लांबी-रुंदी मिळाली.

सौ.ने विचारले, "काळं दिसतं म्हणजे वाईट का हो, डॉक्टर?"

त्या म्हणाल्या, "पूर्ण काळं आणि कडा अगदी गुळगुळीत असेल तर ते पाणी असतं, त्याची भीती नसते. ही तशी नाही. हिच्या कडा ओबडधोबड आहेत. ही तपासून घ्यावी लागेल." मग त्यांनी काखेतील ग्रंथीही पाहिल्या; तेथे वावगे काही दिसले नाही.

अहवालावर 'बाय-रॅड्स 4' असे लिहिले होते. मी बँकेचा माणूस, श्रेणी दिसली की अर्थ विचारणारच. श्रेणी 2 म्हणजे निरुपद्रवी. 3 म्हणजे बहुधा निरुपद्रवी. कर्करोगाची शक्यता दोन टक्क्यांहून अधिक नसते, आणि साधारण सहा महिन्यांनी पुन्हा पाहतात. 4 म्हणजे संशयास्पद, 5 म्हणजे कर्करोगाची दाट शक्यता. या दोन्हींत तुकडा काढून तपासल्याशिवाय गत्यंतर नसते. सोनोग्राफी संशय किती ते सांगते, शेवटचा निवाडा सूक्ष्मदर्शकाखालीच होतो. हे ठाऊक नसल्याने काही जण अहवाल घेऊन घरी बसतात.

घरात एक सल्ला लगेच आला: "सुई लावू नका, गाठ चवताळते." सर्जनना विचारले. ते म्हणाले, या भीतीने आजवर किती जणी उशिरा आल्या, ते मीच पाहिले आहे. जागा बधिर करून, सोनोग्राफीतच पाहत पाहत सुईने तुकडा घेतला. आठवड्याने उत्तर आले. कर्करोग होता, प्राथमिक अवस्थेतील. पौषात शस्त्रक्रिया झाली, नंतर रेडिएशन. आता सौ. रोज एक गोळी घेते आणि ठरलेल्या वेळी तपासणीस जाते. मी एकदा सर्जनना सरळ विचारले, त्या साडेतीन महिन्यांनी काही बिघडले का? ते क्षणभर थांबले. "आलात हे बरे केलेत," एवढेच म्हणाले. तो थांबा माझ्या मनातून जात नाही.

उपवासांविषयी अनेक भगिनी सौ.ला विचारतात, म्हणून लिहितो. स्तन, मान, हात-पाय येथील गाठीच्या सोनोग्राफीसाठी पोट रिकामे वा भरलेले असण्याचा प्रश्नच नसतो. उपवासाच्या दिवशीही ती करता येते. पोटाच्या वरच्या भागाची असेल तर काही तास उपाशी राहावयास सांगतात. ओटीपोटाची बाहेरून करावयाची असेल तर मूत्राशय भरलेले लागते, म्हणजे भरपूर पाणी प्यावे लागते. चौविहार उपवासाच्या दिवशी ती जमणार नाही. केंद्रावर तसे सांगून वेळ दुसऱ्या दिवसाची घ्यावी. अठाईसाठी महिना घालवू नये. जुने अहवाल व चित्रे सोबत न्यावीत. मागील शिल्लक ठाऊक असल्याखेरीज चालू शिल्लक समजत नाही.

गेल्या महिन्यात सौ.च्या माहेरच्या वहिनींचा दूरध्वनी आला. आवाज अगदी हळू. बहुधा स्वयंपाकघरात सासूबाई असाव्यात. बोलणे बराच वेळ हवापाण्यावर चालले. मग सौ.ने एकदम आवाज चढवून त्या अवयवाचे नाव घेतले आणि विचारले, "वहिनी, कोणत्या बाजूला आहे?" मी वर्तमानपत्र खाली ठेवले. पलीकडून काहीतरी विचारले गेले असावे, कारण ती म्हणाली, "नाही हो, दुखत नाही मुळीच. जेल तेवढं गार लागतं. उद्या सकाळच्या गाडीने मी येते, आपण दोघी जाऊ."