छातीत कळ नाही, म्हणून बेफिकीर राहू नका!

मंगळवेढ्याची ज्वारी साऱ्या महाराष्ट्रात नावाजलेली. 2016 साली तिला भौगोलिक मानांकनही मिळाले. ‘आम्ही भाकरी खाणारी माणसं, आम्हाला कसला मधुमेह?’ असे आपण सहज म्हणून जातो. पण मंडळी, भाकरीतही पिष्टच असते, आणि मधुमेह कुणाचे शिवार पाहून येत नाही.

साखर वर्षानुवर्षे चढी राहिली की मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात, हे तुम्ही ऐकले असेल. त्याच सुमारास ती हृदयाला ताब्यात ठेवणारे मज्जातंतूही पोखरते. बैलाला वेसण आणि चाबूक, तसे हृदयालाही आवरणारे व हाकणारे असे दोन प्रकारचे तंतू असतात. निरोगी माणसाने श्वास घेतला की ठोके वाढतात, सोडला की कमी होतात. मधुमेहात बहुधा वेसण आधी तुटते. मग बसल्या जागीही नाडी जलद चालते आणि ठोके घड्याळासारखे एकसुरी पडतात.

हे मनगटावर बोट ठेवून कळत नाही. रुग्णाला मिनिटात सहा खोल श्वास घ्यायला लावून डॉक्टर हृदयाचा आलेख काढतात. श्वास घेताना व सोडताना ठोक्यांत 15 किंवा अधिक फरक असला तर ठीक. 10 किंवा त्याहून कमी असला तर तंतू दुखावल्याचा संशय घेतात. वयाप्रमाणे हा फरक घटतो, म्हणून अर्थ डॉक्टरांनीच सांगावा.

खरा धोका पुढेच आहे. अशा रुग्णाला हृदयविकाराचा झटका आला तरी छातीत कळ येईलच असे नाही. नुसता दरदरून घाम, दम, मळमळ, एकाएकी गळून जाणे. घरची माणसे म्हणतात, ‘पित्त झालं असेल,’ आणि मोलाचा वेळ जातो. असे दिसताच रात्र असो की सुगी, रुग्णाला दवाखान्यात न्या.

उठताना चक्कर येत असेल तर आधी खाटेवर बसा, मग सावकाश उभे राहा. डायलिसिस करताना रक्तदाब एकदम उतरत असेल तर ते डॉक्टरांच्या कानावर घाला. अंगदुखीच्या गोळ्या मनाने घेऊ नका. त्या मूत्रपिंडाला घातक ठरतात. ज्यांची मूत्रपिंडे अजून शाबूत आहेत, त्यांनी साखर व रक्तदाब आटोक्यात ठेवावा आणि वर्षातून एकदा लघवीतील प्रथिने तपासून घ्यावीत. तुटलेली वेसण पुन्हा जोडणे कठीण. ती तुटू न देणे मात्र बरेचसे आपल्या हाती आहे.