पहिला पेपर कोण काढणार?

मुलांच्या वैद्यकशास्त्रात नवी उपशाखा काढायची, तिची परीक्षा घ्यायची आणि पास होणाऱ्याला तज्ज्ञ म्हणून प्रमाणपत्र द्यायचं. पण त्या विषयात आजवर कोणी पासच झालेलं नसेल, तर पहिला पेपर काढणार कोण?

अमेरिकेत मुलांच्या डॉक्टरांना असं प्रमाणपत्र देणाऱ्या ‘अमेरिकन बोर्ड ऑफ पीडियाट्रिक्स’ची स्थापना १९३३ची. तेव्हापासून दर नव्या उपशाखेच्या वेळी हा प्रश्न बोर्डासमोर आला. तोडगा साधा आहे. जे वर्षानुवर्षं तेच काम करत आलेत, त्यांनाच बोलवायचं आणि प्रश्न त्यांच्याकडूनच काढून घ्यायचे. नव्या फेलोशिपमधून, म्हणजे उपशाखेच्या प्रशिक्षणातून, पहिली तुकडी बाहेर पडेपर्यंत, आधीपासून वॉर्डात राबणाऱ्या डॉक्टरांना काही वर्षं अनुभवाच्या बळावर परीक्षेला बसू द्यायचं. मग ते दार बंद.

ताजं उदाहरण आहे ते इस्पितळात दाखल झालेल्या मुलांकडेच पाहणाऱ्या डॉक्टरांचं. अशा डॉक्टरला अमेरिकेत ‘हॉस्पिटलिस्ट’ म्हणतात. रॉबर्ट वॉक्टर आणि ली गोल्डमन यांनी १९९६ मध्ये हा शब्द रूढ केला, तोही मोठ्यांच्या डॉक्टरांबद्दल लिहिताना. मुलांच्या वॉर्डातल्या कामाला स्वतंत्र उपशाखेची मान्यता मिळाली २०१६ मध्ये आणि पहिली परीक्षा झाली नोव्हेंबर २०१९ मध्ये. शब्द जन्मला तेव्हाचं बाळ तोवर २३ वर्षांचं झालं होतं! यासाठीची फेलोशिप दोन वर्षांची. बाकीच्या बहुतेक बाल-उपशाखांना तीन वर्षं लागतात. अनुभवाच्या दाराने शिरण्याची शेवटची संधी २०२३ची होती.

त्या दाराशीच २०१९ मध्ये वाद पेटला. कामात मोठा खंड पडलेल्यांचे अर्ज नाकारले जात होते. हा खंड अनेकींच्या बाबतीत बाळंतपणाच्या रजेचा होता, असं म्हणत डॉक्टरांनी बोर्डाला जाहीर निवेदन दिलं. अमेरिकेत मुलांच्या डॉक्टरांमध्ये स्त्रिया बहुसंख्य आहेत. भेदभाव झाल्याचं बोर्डाने मान्य केलं नाही, पण खंडाची अट मात्र काढून टाकली. मला हा या सगळ्या कहाणीतला सर्वात महत्त्वाचा प्रसंग वाटतो. मुलांच्या डॉक्टरला स्वतःचं मूल झालं म्हणून तिची पात्रता कमी कशी होईल?

शिक्का उशिरा येतो, काम आधीच सुरू झालेलं असतं. हेलन टॉसिग यांचंच पाहा. जॉन्स हॉपकिन्स इस्पितळात त्या मुलांच्या हृदयाचे आजार पाहायच्या. ऐकू येणं कमी झालं, तेव्हा स्टेथोस्कोपऐवजी बोटांनी ठोके जोखू लागल्या. हृदयातल्या दोषामुळे ऑक्सिजन कमी पडून निळ्या पडणाऱ्या ‘निळ्या बाळां’वरच्या शस्त्रक्रियेची कल्पना त्यांची. आल्फ्रेड ब्लॅलॉक यांनी ती २९ नोव्हेंबर १९४४ रोजी केली, आणि तंत्र बसवणारे व्हिव्हियन थॉमस त्यांच्या मागे उभे राहून सूचना देत होते. मुलांच्या हृदयरोगाची बोर्डाची पहिली परीक्षा मात्र १९६१ची.

नवजात बाळांच्या शाखेला ‘निओनेटॉलॉजी’ हे नाव अलेक्झांडर शॅफर यांनी १९६० मध्ये दिलं. तीनच वर्षांनी राष्ट्राध्यक्ष केनेडींचा मुलगा पॅट्रिक साडेपाच आठवडे आधी जन्मला. वजन सुमारे २.१ किलो. फुप्फुसं पुरती तयार नव्हती. ३९ तासांत तो गेला. एवढी सत्ता घरात असून त्याचा श्वास वाचवण्याचा उपाय तेव्हा वैद्यकाच्या हाती नव्हता. या शाखेची पहिली परीक्षा १९७५ मध्ये झाली. आपल्याकडे एमडीनंतर तीन वर्षांचा डीएम करून नवजात शिशुतज्ज्ञ होता येतं.

फार लांब वाट पाहिली ती मारहाणीच्या खुणा ओळखणाऱ्या शाखेने. हेन्री केम्प आणि सहकाऱ्यांचा मारहाण झालेल्या मुलांवरचा गाजलेला शोधनिबंध १९६२चा. परीक्षा २००९ची. मधली ४७ वर्षं फार मोठी आहेत.

प्रमाणपत्र जन्मभराचं असतं का? पूर्वी होतं. १९८८ पासून बोर्डाने त्याला मुदत घातली, आता पात्रता टिकवत राहावी लागते. डॉक्टरकीचा परवाना राज्य देतं, तो वेगळा. बोर्डाचं प्रमाणपत्र कायद्याने सक्तीचं नाही.

आणि पास व्हायला किती गुण? अशा परीक्षांसाठी एक सुंदर रीत आहे, विल्यम अँगॉफ यांच्या नावाने ओळखली जाते. अनुभवी डॉक्टर एकेक प्रश्न समोर घेतात आणि डोळ्यांपुढे आणतात जेमतेम पात्र असा डॉक्टर: हुशार नाही, पण त्याच्या हाती मूल सोपवायला हरकत नाही. असे शंभर जण बसले, तर या प्रश्नाचं बरोबर उत्तर किती जण देतील? सगळ्या प्रश्नांच्या अशा अंदाजांतून पासाची रेषा ठरते.